तो पाठ आणि ती पाठ



मराठीत 'पाठ' हा शब्द दोन लिंगांत येतो. 'तो पाठ' म्हणजे धडा. 'ती पाठ' म्हणजे मानेखालून कंबरेपर्यंतचा शरीराचा मागचा भाग. सामान्यरूप केले की फरक लगेच कळतो : पाठाचा अर्थ, पण पाठीचा कणा, पाठात चूक, पण पाठीत कळ. या अंकात आम्ही दोन्ही एकत्र घेतले आहेत. हा पाठ पाठीविषयी आहे, आणि तोही मोटारसायकल चालवणाऱ्याच्या पाठीविषयी. मोठ्या गटाने तो स्वतःसाठी वाचावा. लहान गटाने घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दुचाकीच्या आठवणी आहेत. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. चेतकवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसे. अंतरे लहान, वेग बेताचा. अमेरिकेत गाडी मोठी, हायवेवर वेग तासाला ६५-७० मैल, आणि रविवारी एकदा निघाले की दोनशे मैल सहज होतात. म्हणून तिकडे कधी न कुरकुरलेला खांदा इकडे बोलू लागतो.

दुखते का?

माणसाचे डोके साधारण १० ते १२ पौंडांचे असते. त्यावर तीन-चार पौंडांचे हेल्मेट चढते. मान सरळ असेल तर हा भार मणक्यांवर नीट तोलला जातो. मान पुढे गेली की तोच भार मागच्या स्नायूंना ओढून धरावा लागतो. हात लांब करून भरलेली कळशी धरून पाहा, म्हणजे समजेल. मानेपासून खांद्यांवर आणि पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला जो मोठा स्नायू आहे, ज्याला डॉक्टर ट्रॅपेझियस म्हणतात, तो हे काम करतो आणि तासाभराने तक्रार करतो.

दुसरे कारण वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. छातीवर वारा आदळतो, आपण मागे ढकलले जातो आणि नकळत हँडल ओढून धरतो. तिसरे कारण थंडी व भीती. दोन्हींमुळे खांदे वर चढतात आणि कानांना भिडतात. मैलोगणिक ते तसेच राहतात, आपल्याला पत्ताही नसतो.

हा प्रश्न नुसत्या दुखण्याचा नाही. लेन बदलण्यापूर्वी मान वळवून मागे पाहावे लागते, कारण आरशात सगळे दिसत नाही. मान आखडलेला माणूस हे पाहणे टाळतो. म्हणून खांदेदुखी ही सुरक्षिततेची बाब आहे.

मांड पक्की, लगाम सैल

घोडेस्वारीतला एक जुना मराठी शब्द इथे उपयोगी पडतो : मांड. मांड्यांनी घोडा आवळून बसण्याची रीत म्हणजे मांड. चांगला स्वार लगामाला लोंबकळत नाही. तो मांडीवर बसतो आणि लगाम सैल धरतो. चेतक हे तर राणा प्रतापांच्या घोड्याचेच नाव! मोटारसायकललाही हाच नियम लागू पडतो.

१. गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी हलकेच आवळा. पाय पायटावर नीट टेकवा. शरीराचा तोल पायांवर आणि पोटाच्या स्नायूंवर घ्या, मनगटांवर नको.

२. कोपरे किंचित वाकलेली ठेवा. ताठ हातांतून रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट खांद्यात पोचतो.

३. हँडलची मूठ हातात चिमणी धरावी तशी धरा : उडू नये, पण चिरडूही नये.

४. हनुवटी थोडी आत, नजर दूर. रस्त्याकडे पाहण्यासाठी डोळे वर करा, हनुवटी पुढे काढू नका.

५. अधूनमधून स्वतःलाच विचारा, "खांदे कुठे आहेत?" कानांजवळ असतील तर श्वास सोडा आणि त्यांना खाली येऊ द्या.

गाडी आपल्या मापाची करा

आपण कपडे मापाचे शिवतो, मग गाडी का नको? हँडल फार पुढे असेल तर खांदे ओढले जातात. फार उंच असेल तर हात लोंबकळतात आणि खांदे भरून येतात. बऱ्याच गाड्यांचे हँडल सैल करून थोडे मागे फिरवता येते, किंवा खाली ठोकळे बसवून उंच करता येते. तसे केल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. कोणतीही केबल वा ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढेच आवळा. सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या.

ब्रेक आणि क्लचच्या दांड्या अशा कोनात ठेवा की बोटे, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. समोरची काच वाऱ्याचा जोर कमी करते, पण तिची उंची चुकली तर वारा हेल्मेटवर आदळून डोके गदागदा हलते. तेव्हा काच बदलण्याआधी तिची उंची थोडी कमीजास्त करून पाहा. आणि पाठीवरची जड सॅक आधी उतरवा! तिचे ओझे गाडीच्या पिशव्यांत जाऊ द्या. नुसत्या एवढ्यानेच पुष्कळांचे दुखणे निम्म्यावर येते.

थांबा आणि हात-पाय मोकळे करा

तासा-सव्वा तासाने थांबावे. व्हर्जिनियापासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत जाणारा ब्लू रिज पार्कवे हा ४६९ मैलांचा रस्ता दुचाकीवाल्यांचा आवडता. त्यावर दरी पाहण्यासाठी जागोजागी थांबे केले आहेत. दरी पाहावी आणि तेवढ्यात हेही करावे. प्रत्येक प्रकार पाच वेळा, हेल्मेट काढून, सावकाश :

• दोन्ही खांदे वर उचला, मागे फिरवा, खाली सोडा.
• पाठीमागचे दोन्ही फरे एकमेकांकडे आणा. पाच आकडे मोजून सोडा.
• मान ताठ ठेवून हनुवटी सरळ मागे न्या, जणू मागच्या भिंतीला डोके टेकवायचे आहे.
• उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवा, मग डावा. हिसका देऊ नका.
• हातांची बोटे पाठीमागे गुंफून छाती उघडा.

पाणी प्या. थंडीत मानेभोवती मफलरऐवजी टोके न लोंबणारी गळपट्टी वापरा. घरी आल्यावर गरम पाण्याचा शेक घ्यावा. पण झोप आणणारी दुखण्याची गोळी घेऊन गाडी चालवू नये.

याकडे पाठ फिरवू नका

हाताला मुंग्या येणे, मूठ अशक्त होणे, कळ खांद्यातून बोटांपर्यंत जाणे, रात्री दुखून जाग येणे किंवा पडल्यानंतर दुखणे, यांपैकी काही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांनी पाठ करावी. छातीत दाब, त्याबरोबर डावा खांदा, जबडा वा दोन फऱ्यांमध्ये दुखणे, घाम, धाप, ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. "गाडी चालवून खांदा भरला असेल," म्हणून बाबा झोपून जात असतील तर त्यांना झोपू देऊ नका; ९११ ला फोन करा. २०१८ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी कोलेस्टेरॉलविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दक्षिण आशियाई वंश ही धोका वाढवणारी बाब म्हणून नोंदवली आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्याच घरांविषयी आहे.

शब्दार्थ

फरा – शोल्डर ब्लेड
मणका – पाठीच्या कण्यातील एक हाड
पायट – पाय टेकवण्याची दांडी
आखडणे – ताठ होऊन न हलणे
मुंग्या येणे – हात-पाय बधिर होऊन झिणझिणणे

वाक्प्रचार

पाठ थोपटणे – शाबासकी देणे
पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे, सोडून जाणे
पाठीशी उभे राहणे – आधार देणे
पाठ टेकणे – आडवे होऊन विश्रांती घेणे
मांड ठोकणे – घट्ट बसणे

स्वाध्याय

१. 'पाठ करणे' यातला पाठ कोणता, तो की ती? सामान्यरूप वापरून दोन वाक्ये लिहा.
२. वरील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
३. आई, बाबा, आजी किंवा आजोबांना विचारा : त्यांची पहिली दुचाकी कोणती होती आणि तिच्यावर ते कसे बसत? दहा ओळी लिहून आणा.
४. त्यांच्याबरोबर वरचे पाच व्यायाम करा. सूचना मराठीतूनच द्यायच्या!

जो नीट सूचना देईल त्याची आम्ही पुढच्या शनिवारी पाठ थोपटू. हलकेच.