घोरणे, झोपेतील श्वास आणि डोळ्यांचा रक्तपुरवठा

अहवालाच्या या पानावर आरोग्याचा एखादा विषय सोप्या भाषेत मांडण्याची आमची प्रथा आहे. यंदाचा विषय घराघरांत ऐकू येणारा, तरीही दुर्लक्षित असा आहे : घोरणे आणि त्याचा डोळ्यांशी असलेला संबंध.

मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात कित्येकदा तो श्वासासाठी झगडत असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींचा श्वासमार्ग मिटतो. श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू सावध होतो आणि धाप लागल्यासारखा श्वास पुन्हा सुरू होतो. यालाच ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. श्वासातील असे अडथळे तासाला ३० हून अधिक आल्यास विकार तीव्र समजला जातो.

दृष्टिपटल हा शरीरातील सर्वाधिक प्राणवायू लागणाऱ्या भागांपैकी एक आहे. दृष्टीच्या नसेच्या मुखाला मुख्यतः डोळ्यामागील अत्यंत बारीक रोहिण्या रक्त पुरवतात; मूळचे भारतीय असलेले, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. सोहनसिंग हायरेह यांनी या रोहिण्यांचा सखोल अभ्यास केला. निरोगी अवस्थेत रक्तदाब कमी-अधिक झाला, तरी या वाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून पुरवठा सांभाळतात. मात्र रात्रभर प्राणवायू घटत आणि रक्तदाब उसळत राहिला, तर वाहिन्यांचे अस्तर बिघडते व हा तोल ढासळू लागतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर जमा वारंवार खंडित होते. खर्च मात्र क्षणभरही थांबत नाही.

दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटल्यास रुग्णाला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. अनेकांना हे सकाळी उठल्यावरच जाणवते. वेदना नसल्याने दुखणे अंगावर काढले जाते. या रुग्णांत स्लीप ॲप्निया अधिक आढळतो. गेलेली दृष्टी बहुधा पूर्ववत होत नाही. शस्त्रक्रियेचा लाभ होत नाही, हे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत १९९५ साली दिसून आले. त्याच चाचणीतील रुग्णांच्या पुढील पाहणीत, पाच वर्षांत सुमारे १५ टक्के जणांचा दुसरा डोळाही बाधित झाला. म्हणून राहिलेला डोळा जपणे, हाच खरा प्रश्न आहे. तीव्र ॲप्निया असून उपचार नियमित न घेणाऱ्यांत दुसऱ्या डोळ्याचा धोका अधिक दिसला, असे फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञांनी २०१५ साली नोंदवले. काचबिंदूशीही या विकाराचा संबंध आढळला आहे. अर्थात, संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. घोरणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी जाते, असेही नाही. भय नको, तपासणी हवी.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेली ‘सीपॅप’ पद्धत आज प्रमुख उपचार आहे. नाकावरील मुखवट्यातून सौम्य दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवला जातो. मुखवटा सैल असल्यास हवा डोळ्यांत जाऊन ते कोरडे पडतात, म्हणून तो नीट बसवून घ्यावा. काचबिंदूच्या रुग्णांनी सीपॅप वापरत असल्याचे नेत्रतज्ज्ञांस आवर्जून सांगावे.

या विकाराचा खरा साक्षीदार रुग्ण नव्हे, तर त्याच्याशेजारी झोपणारे माणूस होय. आपल्या आप्ताचा श्वास झोपेत थांबतो का, दिवसा तो पेंगतो का, सकाळी डोके जड असते का, हे पाहून ठेवावे आणि डोळ्यांची तक्रार नसली तरी डॉक्टरांस सांगावे. रात्री घेण्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये. उठल्यावर एका डोळ्याने कमी दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांस गाठावे.

यंत्रे आणि औषधे आपल्या दातृत्वातून उभी राहतात. परंतु रात्रीची ही माहिती केवळ घरच्यांकडूनच मिळू शकते. तपासणीस येताना ती सोबत आणावी, ही आमची नम्र विनंती.