वसाहतवाद : चार शब्द आणि एक दप्तर

प्रथम वर्षाला इतिहासाच्या तासाला ‘वसाहतवाद’ हा शब्द ऐकला, तेव्हा मी त्याची व्याख्या वहीत उतरवून घेतली व पाठ केली. अर्थ मात्र उमगला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसल्याने घरी विचारण्याचीही सोय नव्हती. पुढे वाचनातून जे थोडेफार समजले, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहे.

एका राष्ट्राने दुसऱ्यावर सत्ता पसरवावी, हे धोरण म्हणजे साम्राज्यवाद. जिंकलेल्या देशाची जमीन, श्रम व बाजारपेठ राज्यकर्त्यांच्या सोयीने राबविण्याची व्यवस्था म्हणजे वसाहतवाद. ‘वसाहत’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. ऑस्ट्रेलियात इंग्रज मोठ्या संख्येने वसले. आपल्याकडे बहुतेक जण नोकरी करून मायदेशी परतले. तेव्हा वस्ती न करताही देशाची वसाहत करता येते.

तिसरा शब्द आर्थिक निःसारण. दादाभाई नौरोजी यांनी १८६७ मध्ये लंडन येथे हा विचार मांडला. इंग्रज अधिकाऱ्यांचे वेतन व निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज अशा वाटांनी येथील संपत्ती इंग्लंडला जाई आणि तिचा मोबदला परत येत नसे.

चौथा शब्द रयतवारी. सरकारने सारा थेट शेतकऱ्यावर, त्याच्या नावाने, रोख रकमेत बसविला. दख्खनमधील या पद्धतीची घडी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी बसविली.

हे शब्द मला जोडून दिसले ते १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. पैसा सावकाराकडून आणावा लागे. वाद झालाच तर न्यायालय कर्जरोखा पाही, आणि तो ज्याच्या अंगठ्याचा त्याला वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली. दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. माणसे मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना कागद नष्ट करायचे होते.

पण जळाले ते सावकाराचे दप्तर. साऱ्याची व्यवस्था तशीच राहिली. सावकार समोरच्या आळीत राहत होता, राज्यकर्ता डोळ्यांना दिसत नव्हता. १८७९ च्या कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला काही संरक्षण दिले. रोखीच्या साऱ्याला मात्र हात लावला नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर त्यांच्या हाताखालच्या एतद्देशीय कामगारांनाही जाब विचारला, हे म्हणूनच महत्त्वाचे वाटते. जे समोर दिसत नाही ते दाखविणे, हेच संकल्पनेचे काम आहे.

गेल्या सुट्टीत सोसायटीचा कर्जाचा कागद घरी आला. आजी सवयीने अंगठा पुढे करू लागली. मी म्हटले, “आजी, थांब. आधी वाचून दाखवतो.” अर्धा तास लागला, तिने तीन ठिकाणी अर्थ विचारला, मग अंगठा उठविला. इतिहासाचा पेपर मी परीक्षेपुरताच घेतला होता. आता तसे म्हणवत नाही.

(द्वितीय वर्ष कला)