स्वस्त बॅटरी, महाग युनिट

जुन्या लिथियम बॅटरीचा पॅक नव्याच्या निम्म्या किमतीत मिळतो, हे खरं आहे. पण बॅटरीची किंमत खोक्यावर ठरत नाही. ती मोडीत निघेपर्यंत किती युनिट साठवून परत देणार, यावर ठरते. हा हिशेब मी दोन घरांसाठी केला आहे: साताऱ्याला माझ्याकडे नवी बॅटरी घेताना आणि कराडला ताईकडे जुनी आल्यावर.

दोन्ही घरांवर ३ किलोवॉटचं सोलर आहे. सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळालं, पण ते सोलरला. बॅटरीला मिळत नाही. आणि नेट मीटरिंगचं साधं सोलर महावितरणची वीज गेली की स्वतःच बंद पडतं. लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच हवं. त्यामुळे वळवाचं वारं सुटलं की छतावर पॅनेल असूनही खाली पंखा फिरत नाही, आणि माणूस बॅटरीच्या शोधाला लागतो.

दाजींना एका विक्रेत्याने ई-रिक्षातून काढलेल्या सेलचा पॅक ५२,००० रुपयांना दिला. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर ५.१२ युनिट. ‘८० टक्के हेल्थ आहे’ असं सांगत त्याने मल्टिमीटर लावून दाखवला. सोळाच्या सोळा सेल ३.३ व्होल्टवर. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठणठणीत आहे. पण लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) सेलची गंमतच अशी, की तो बराचसा रिकामा होईपर्यंत व्होल्टेज ३.२-३.३ च्या आसपास टिकून राहतं. नव्याचंही तेच, थकलेल्याचंही तेच. मल्टिमीटरवरून सेलचं वय कळत नाही. विक्रेत्याला हे ठाऊक असतं.

मी गेलो तेव्हा पॅक पूर्ण चार्ज केला आणि मांडवात लावतात तसे ५०० वॉटचे दोन हॅलोजन त्यावर जोडले. प्रत्येक सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचं, म्हणजे बीएमएसचं ॲप मोबाइलवर उघडून बसलो. दोन तास काही घडलं नाही. मग अकरा नंबरचा सेल ३.१ वर आला, ३.० वर आला आणि बघता बघता २.५ ला टेकला. बाकीचे पंधरा तेव्हाही ३.२ च्या वर होते. बीएमएसने पॅक तोडला, हॅलोजन विझले. जेमतेम पावणेतीन तास. मीटरवर २.९ युनिट. सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून सगळ्यांत दुबळा सेल थांबला की सगळ्यांना थांबावं लागतं. त्या सेलची एक बाजू हाताला फुगीर लागत होती आणि त्यावरचा क्यूआर कोड खरवडलेला होता.

आता पैसे मोजू. माझी तेवढ्याच क्षमतेची नवी बॅटरी १,१०,००० रुपयांना पडली. ८० टक्क्यांपर्यंतच वापरली तर रोज ४.१ युनिट. हात आखडून ३,००० सायकल (एकदा भरून रिकामी केली की एक) धरल्या तरी १२,३०० युनिट होतात. एका युनिटच्या साठवणीला सुमारे ९ रुपये. दाजींच्या पॅकला नवं बीएमएस आणि ब्रेकर धरून ६०,००० लागले. मोजलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर रोज २.३ युनिट, पुढे १,००० सायकल मिळाल्या असं मानलं तर युनिटला २६ रुपये. विक्रेत्याचा ८० टक्क्यांचा दावा खरा धरला आणि १,५०० सायकल मोजल्या, तरी १२ रुपये पडतात. म्हणजे त्याने पूर्ण खरं सांगितलं असतं तरीही सौदा महागच होता.

२०१० मध्ये जगभरात लिथियम पॅकची सरासरी किंमत किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. नवं इतकं उतरल्यावर जुन्याच्या भावात फारसा दम राहत नाही. मोजून ७०-८० टक्के भरणारा, सगळे सेल सारखे असलेला पॅक नव्याच्या पाव किमतीत मिळाला आणि काम दोन पंखे-चार दिव्यांचं असेल, तर जरूर घ्या. निम्म्या किमतीत घेऊ नका.

घेण्याआधी तुमच्यासमोर भरून रिकामा करून दाखवायला सांगा. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या. शेवटच्या अर्ध्या तासात सेलच्या व्होल्टेजमधला फरक बघा, तिथेच सगळं उघडं पडतं. टर्मिनल घासून नवे स्टड बसवलेत का, कोड शाबूत आहे का, तेही पाहा. स्कूटर-मोटारीतून निघालेले ३.६-३.७ व्होल्टचे एनएमसी सेल मात्र घरात आणूच नका. पेटले तर स्वतःचाच ऑक्सिजन सोडतात, आग आटोक्यात येत नाही. एलएफपीसुद्धा जिन्याखाली किंवा झोपायच्या खोलीत नको.

‘नवी’ म्हणून मिळणाऱ्या गावठी जोडणीच्या पॅकमध्येही कधीकधी जुने सेल घातलेले असतात. जीएसटीचं पक्कं बिल, सेलच्या उत्पादनाची तारीख आणि वॉरंटीत किती सायकलनंतर किती टक्के क्षमता उरेल हे लेखी, एवढं मिळत नसेल तर दुकानातून परत या.

आणि संपलेला पॅक भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. त्याच्या किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याच्या केंद्रावरच द्या.