नवा राऊटर घेण्याआधी...

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि बॅग खाली ठेवतोय तोच आजीची हाक आली, "आलास का रे इंजिनिअर? बघ, तुझी आत्या बोलता बोलता कशी थिजते ते!"

पाय फ्रॅक्चर झाल्यामुळे आजी दोन महिने मागच्या खोलीत पडून होती. नागपूरच्या आत्याचा रोज रात्री येणारा व्हिडिओ कॉल हाच तिचा विरंगुळा, आणि नेमका तोच अडकायचा. बाबा म्हणाले, "जास्त रेंजचा राऊटर आणूया." म्हटलं, आधी मोजू तरी!

वाय-फायचा सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. मोबाईलवरचं साधं अ‍ॅपही तो दाखवतं. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. व्हिडिओ कॉलला साधारण उणे ६७ पुरतो. हॉलमध्ये उणे ४० होता, आजीच्या पलंगावर उणे ८४!

पहिला उपाय चुकला. मित्राकडून रिपीटर आणून आजीच्या उशाशीच लावला. फोनवर कांड्या फुल्ल, कॉल मात्र तसाच. कारण रिपीटरलाच तिथे मोडकातोडका सिग्नल मिळत होता, तो पुढे काय देणार? रिपीटर मधल्या वाटेवर लावायचा असतो, जिथे सिग्नल अजून चांगला आहे.

मग नीट पाहिलं. राऊटर टीव्हीच्या मागे, खालच्या कप्प्यात. वाटेत लोखंडी कपाट आणि दोन जाड विटांच्या भिंती. धातू लहरी परतवतो, भिंती शोषतात. मग या गोष्टी केल्या :

१) फायबरच्या डब्यापासून १५ मीटर लॅन केबल टाकून राऊटर पॅसेजमध्ये, दाराच्या उंचीवर बसवला. (लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते.)

२) आडव्या पडलेल्या अँटेना उभ्या केल्या. उभी अँटेना सिग्नल चहूबाजूंना पसरवते, टोकाच्या दिशेने फारच कमी.

३) चॅनेल बदलला. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने असतात, पण सिग्नल सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद. म्हणून १, ६ आणि ११ एकमेकांत घुसत नाहीत. आमचा होता ८, म्हणजे शेजाऱ्यांच्या ६ आणि ११ दोन्हींशी भांडण! तो १ केला.

४) आजीचा फोन २.४ वरच ठेवला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो.

पलंगावर आकडा आला उणे ६६. म्हणजे १८ डीबीची वाढ, अर्थात सुमारे ६३ पट शक्ती! खर्च फक्त केबलचा.

आणि जास्त पॉवरचा राऊटर? संवाद दोन्ही बाजूंनी असतो. राऊटर कितीही ओरडला, तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. त्याचं उत्तर राऊटरला ऐकू गेलं पाहिजे ना! जागा बदलल्याने मात्र दोघांनाही फायदा होतो.

त्या रात्री आजी म्हणाली, "आज तिच्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसली रे!" मार्कशीटपेक्षा हे सर्टिफिकेट भारी वाटलं.

तेव्हा होस्टेलच्या मित्रांनो, रूममध्ये रेंज नाही म्हणून रेक्टर सरांकडे मोर्चा नेण्याआधी आपलं लोखंडी कपाट कुठे उभं आहे, ते एकदा बघा!