अनुभवाचा जमाखर्च : यंत्राच्या दुहेरी शिक्षणाचा प्रश्न

चुकतमाकत शिकणे हा केवळ मनुष्याचाच धर्म नव्हे. यंत्राकडून कृती करवून घेऊन, तिच्या फलानुसार गुण देऊन त्यालाही शिकविता येते. या पद्धतीस प्रबलन-अध्ययन म्हणतात. तिचा पाया घालणारे अँड्र्यू बार्टो व रिचर्ड सटन यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. परंतु हे शिक्षण खर्चिक आहे. डीपमाइंड संस्थेच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संगणकास एकेक व्हिडिओ-खेळ शिकण्यासाठी सुमारे ३८ दिवसांच्या खेळाइतका अनुभव द्यावा लागला.

एका निर्णयाच्या पोटात दुसरा निर्णय असेल, तर हा खर्च अधिकच वाढतो. समजा, एखाद्या पुलावरील पथकर ठरवावयाचा आहे. दर बदलताच वाहनचालक सोयीचा मार्ग नव्याने शोधू लागतात. ते स्थिरावल्यावाचून दराची योग्यता कळत नाही. दर ठरविणे हा बाह्य स्तर, तर मार्ग शिकणे हा आंतर स्तर. जर्मन अर्थशास्त्रज्ञ हाइनरिख फॉन श्टाकेलबर्ग यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या अग्रणी-अनुयायी विचाराचेच हे रूप होय.

बाहेर १०० दर तपासावयाचे आणि प्रत्येकासाठी आत १,००० फेऱ्या लागणार असतील, तर एकूण फेऱ्या १,१०० नव्हे, १,००,००० होतात. येथे बेरीज नसून गुणाकार आहे. शिवाय सरासरीच्या अंदाजातील यादृच्छिक त्रुटी निम्मी करावयाची, तर नमुने चौपट लागतात.

इच्छित अचूकतेसाठी किती अनुभव पुरेसा, हे गणिताने सांगणे हे नमुना-कार्यक्षमतेच्या सिद्धांताचे कार्य होय. काटकसरीचे तीन मार्ग त्यातून दिसतात. पहिला, दर किंचितच बदलला असता पूर्वीचे शिक्षण पुसून न टाकता तेथूनच पुढे जाणे. दुसरा, दोन्ही स्तर एकाच वेळी, परंतु आतील जलद व बाहेरील संथ गतीने चालविणे. तिसरा, आतील शिक्षणातील उणीव दंडरूपाने बाहेरील हिशेबात धरून दोन प्रश्नांचा एकच प्रश्न करणे.

मात्र काटकसरीलाही मर्यादा आहे. आतील शिक्षण फारच अपुरे राहिले, तर बाहेरील निर्णय चुकीच्या दिशेस झुकतो. केवळ बाहेरील फेऱ्या वाढवून हा दोष जात नाही. संगणकावरील खेळात अनुभव स्वस्त असतो. रस्त्यावर वा रुग्णालयात मात्र प्रत्येक नमुन्यामागे कोणाचा तरी वेळ किंवा प्रकृती पणास लागते. म्हणूनच प्रयोग आरंभण्यापूर्वी हा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.