संघाचा कॉम्प्युटर: बदलायचा, की आहे तोच चालवायचा?



संघाच्या कार्यालयातला कॉम्प्युटर सुरू केला की आजकाल पडद्यावर इंग्रजीत एक सूचना येते. तिचा अर्थ असा, की तुमच्या विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे. कॉम्प्युटर चालवणारी ताई ती सूचना बाजूला करते आणि कामाला लागते. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "ताई, आता नवीनच घ्या." सभेत विषय निघाला की बाकीच्या जणी म्हणतात, "आम्हाला कॉम्प्युटरातलं काय कळतंय? तुम्हीच ठरवा."

पण गटाने पिठाची गिरणी घेतली, तेव्हा मोटार कशी फिरते हे आपल्याला कुठे माहीत होतं? तरी आपण विचारलंच ना: गिऱ्हाईक किती येईल, वीजबिल किती, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, तीन दरपत्रकं आली का? कॉम्प्युटरलाही हेच प्रश्न लागतात. समजा नवा कॉम्प्युटर ४०,००० रुपयांचा आणि संघात ४०० सभासद आहेत, तर प्रत्येकीचे १०० रुपये त्यात जातात. ज्यांचे पैसे जाणार, त्यांनी प्रश्न विचारायलाच हवेत. या वेळच्या पाठात तेच प्रश्न शिकू या.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

कॉम्प्युटरचा डबा, पडदा, की-बोर्ड हे झालं सामान. या सामानाकडून काम करून घेणारी मुख्य व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. टॅली, एक्सेल, इंटरनेट, प्रिंटर, सगळं तिच्यावर चालतं. आपल्या मोबाइलमध्ये बहुतेक अँड्रॉइड असतं आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक विंडोज असतं. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० हे २०१५ साली आणलं, विंडोज ११ हे २०२१ साली आणलं. लिनक्स नावाचा तिसरा प्रकारही आहे, तो बहुतेक रूपांत फुकट मिळतो. त्याबद्दल पुढे सांगते.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला का? नाही. तो आधीसारखाच सुरू होतो. मग बिघडलं काय?

मातीच्या भिंतीला आपण दरवर्षी लिंपतो. लिंपणं थांबवलं म्हणून घर त्याच दिवशी पडत नाही. पण फटी वाढत जातात, पाणी शिरतं, उंदीर-विंचू येतात. कॉम्प्युटरच्या व्यवस्थेतही अशा फटी सापडत राहतात. कंपनी दर महिन्याला त्या बुजवायची, त्यालाच आपण अपडेट म्हणतो. आता विंडोज १० ला हे फुकटचं लिंपण मिळत नाही.

फट उघडी राहिली की काय होतं, ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि फाइल परत देण्यासाठी पैसे मागितले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं अडली. ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, पण अनेकांनी ते घेतलं नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये अशाच दुसऱ्या हल्ल्यात आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर आपल्या कर्जाच्या नोंदी, सभासदांच्या आधारच्या प्रती, बँकेचा पासवर्ड हे सगळं जपायला हवं.

दुसरा त्रास हळूहळू येतो. जुन्या विंडोजवर नवे प्रोग्राम चालेनासे होतात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला. पुढे २०२३ मध्ये गुगल क्रोमनेही त्यावर नवी आवृत्ती देणं थांबवलं. विंडोज १० चं हे आज लगेच होणार नाही, पण पुढे कधीतरी होईल. म्हणजे घाबरून उद्याच खरेदीला धावायचं कारण नाही, आणि तीन वर्षं काहीच न करणंही बरोबर नाही.

आधी कामांची यादी करा

कोणता कॉम्प्युटर घ्यायचा हा पहिला प्रश्न नाही. त्यावर आपण कोणती कामं करतो, हा पहिला प्रश्न आहे. कागदावर दोन रकाने पाडा. डाव्या बाजूला काम, उजव्या बाजूला ते कशावर चालतं.

हिशेब टॅलीत लिहीत असाल तर लक्षात ठेवा, टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, ते लिनक्सवर सरळ चालत नाही.

बँकेचं काम आणि सरकारी संकेतस्थळं ब्राउझरमध्ये चालतात. ब्राउझर विंडोजवरही आहे आणि लिनक्सवरही.

पत्रं, ठराव, मालाचे तक्ते वर्ड-एक्सेलमध्ये असतील, तर लिनक्सवर लिब्रेऑफिस नावाचा फुकट प्रोग्राम त्या फाइली उघडतो. साध्या फाइली नीट उघडतात. जास्त सूत्रं असलेल्या तक्त्यांमध्ये कधी कधी गडबड होते, म्हणून आपलीच फाइल उघडून बघायची.

मराठी टायपिंग युनिकोडमध्ये असेल तर कुठेही वाचता येतं. पण जुनी इतिवृत्तं जुन्या प्रकारच्या फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून फाइलींसोबत फॉन्टही जपून ठेवा.

प्रिंटर, स्कॅनर, बोटाचे ठसे घेण्याचं मशीन, सही करण्याचा डिजिटल टोकन ही यंत्रं नव्या व्यवस्थेवर चालतील का, हे खरेदीआधी लावून बघा. बँक सखीच्या कामात ठशांचं मशीन लागत असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

लोकोससारखी जी नोंद आपण मोबाइलच्या ॲपवर करतो, तिला कॉम्प्युटरच्या विंडोजशी काही देणंघेणं नाही. ती यादीतून वगळा.

आपल्यापुढे चार वाटा

*पहिली वाट: आहे त्याच कॉम्प्युटरवर विंडोज ११.* विंडोज १० परवान्याचं, म्हणजे अस्सल असेल आणि कॉम्प्युटर पात्र असेल, तर हा बदल फुकट होतो. पात्रतेसाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. हे बघायला सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'विंडोज अपडेट' उघडा. आपला कॉम्प्युटर चालेल की नाही ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. कधी कधी चिप असते पण बंद ठेवलेली असते. जाणकाराला ती चालू करून बघायला सांगा, नुसत्या एका "नाही"वर कॉम्प्युटर भंगारात काढू नका. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालतं, पण रेंगाळतं. ८ जीबी असेल तर बरं.

*दुसरी वाट: मुदतवाढ.* घरगुती वापराच्या विंडोज १० साठी कंपनीने सुरक्षा-अपडेटची एक वर्षाची योजना दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. संस्थांसाठी वेगळी योजना आहे. तिला पैसे पडतात, ती जास्तीत जास्त तीन वर्षं मिळते आणि तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो. ही वाट म्हणजे विचार करायला विकत घेतलेला वेळ. तेवढ्या वेळात निर्णय झाला नाही, तर पैसे फुकट गेले.

*तिसरी वाट: त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स.* उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याची प्रचलित रूपं. परवान्याचे पैसे नाहीत, जुन्या सामानावर हलकं चालतं. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं अनेक वर्षं अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात, म्हणजे हे फक्त इंजिनिअरांचं काम आहे असं नाही. याची एक मोठी सोय आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघता येतं, आतल्या विंडोजला हात न लावता. प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होते का, हे दोन-चार दिवस बघा, मग ठरवा. अडचण अशी की टॅली त्यावर चालणार नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी लिनक्स जाणणारा दुरुस्तीवाला शोधावा लागतो. तो मिळणार नसेल, तर फुकटची वस्तूही महाग पडते.

*चौथी वाट: नवा कॉम्प्युटर.* सामान खूप जुनं असेल, सारखं बिघडत असेल, आणि टॅली किंवा ठशांच्या मशीनमुळे विंडोजच लागत असेल, तर ही वाट बरोबर. फक्त दरपत्रकात अस्सल विंडोजची नोंद आणि वॉरंटी लिहून घ्या.

एक पाचवी वाट दुकानात सुचवली जाते: "ताई, मी तुम्हाला क्रॅक टाकून देतो, पैसे वाचतील." किंवा, "पात्र नसला तरी जुगाड करून ११ बसवतो." पहिलं बेकायदेशीर आहे, आणि त्यासोबत व्हायरसही घरात येऊ शकतो. दुसऱ्यात पुढची अपडेट मिळण्याची खात्री कंपनी देत नाही. सभासदांच्या पैशांचा हिशेब अशा कॉम्प्युटरवर ठेवू नये.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा एका संघाकडे दोन कॉम्प्युटर आहेत. एक २०१६ चा, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. दुसरा २०२० चा, दहाव्या पिढीचा. टॅली आणि बँकेचं काम जुन्यावर चालतं, कारण ते सुरुवातीपासून तिथे आहे. नव्यावर पत्रं टाइप होतात आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ दाखवतात.

दुकानदार म्हणेल, जुना काढा आणि नवा घ्या. पण यादी समोर ठेवली तर दिसतं, की २०२० चा कॉम्प्युटर विंडोज ११ ला पात्र ठरण्याची शक्यता चांगली आहे. तो पात्र निघाला तर त्यावर ११ फुकट बसवायचं आणि टॅली व बँकेचं काम तिकडे हलवायचं. टॅलीचा परवाना एका कॉम्प्युटरचा असेल तर आधी जुन्यावरून तो 'सरेंडर' करून मग नव्यावर चालू करावा लागतो, हे विसरायचं नाही. जुन्यावर लिनक्स टाकून पत्रं आणि प्रशिक्षणाचं काम करायचं. हवं तर त्यात एसएसडी बसवायची, वेग बराच वाढतो. म्हणजे नवी खरेदी न करता दोन्ही कॉम्प्युटर सुरक्षित झाले. बदललं काय, तर फक्त कामाची जागा.

सगळीकडे हेच उत्तर येईल असं नाही. एकच कॉम्प्युटर असेल, तोही २०१४ चा, आणि त्यावर टॅली असेल, तर नवा घेणंच शहाणपणाचं. प्रश्न तेच राहतात, उत्तर आपापल्या यादीतून येतं.

काहीही करण्याआधी: डेटा

कोणतीही वाट निवडा, आधी प्रती काढा. कॉम्प्युटर परत विकत घेता येतो, पाच वर्षांचा कर्जाचा हिशेब परत विकत मिळत नाही.

१. टॅलीचा डेटा, ठराव, सभासद यादी, फोटो, जुने फॉन्ट यांच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात आणि एक दुसऱ्या इमारतीत, कुलपात.

२. प्रत काढली एवढ्यावर थांबू नका. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नाहीच.

३. शेवटचा ताळेबंद कागदावर छापून ठेवा. बदल झाल्यावर नव्या ठिकाणचे आकडे त्याच्याशी जुळवा.

४. पासवर्ड कागदावर लिहून दुकानदाराला देऊ नका. दुरुस्तीच्या वेळी आपली एक ताई तिथे बसलेली असू द्या.

५. जुना कॉम्प्युटर विकण्याआधी किंवा टाकण्याआधी त्यातली माहिती जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या. नुसतं डिलीट केल्याने ती जात नाही. टाकाऊ सामान ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या, आणि जडवस्तू नोंदवहीत तशी नोंद करा.

बदल हिशेब बंद करण्याच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये करू नका. ऑडिट झाल्यावर, निवांत आठवडा बघून करा.

ठरावात काय लिहायचं?

निर्णय कार्यकारिणीच्या सभेत घ्या. ठरावात एवढं असू द्या: कोणत्या कामासाठी बदल करतोय, कोणती वाट निवडली आणि बाकीच्या का नाही, खर्च किती आणि कोणत्या निधीतून, दरपत्रकं किती आली, प्रती कोणी काढल्या आणि कुठे ठेवल्या, आणि नव्या व्यवस्थेचं शिक्षण कोण घेणार. शेवटच्या मुद्द्यावर दोघींची नावं लिहा, एकीचं नको. सगळं एकीलाच येत असेल, तर ती रजेवर गेल्यावर संघ अडतो.

पुढच्या सभेसाठी अभ्यास

• आपल्या कॉम्प्युटरवर कोणती विंडोज आहे? (सेटिंग्ज, सिस्टम, मग अबाउट इथे दिसेल.) कोणत्या साली घेतला?
• आपण त्यावर कोणकोणती कामं करतो? त्यातल्या किती कामांना विंडोजच लागते?
• आज तो बंद पडला, तर हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेची मिळेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच देता आलं नाही, तर विंडोजचा विषय पुढच्या महिन्यावर ढकला आणि आधी प्रत काढा.