उपग्रह गप्प झाले तर?

प्रश्न : उपग्रह बंद पडले, तर मोबाइलवरचा नकाशा जाईल, एवढंच ना? रस्ते तर आम्हाला तोंडपाठ आहेत. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली मोटार नकाशाच्या भरवशावर अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखालच्या पुलावर गेली, चालक बुडाला. उपग्रह मात्र त्या रात्री चोख होते. ते फक्त स्थान आणि वेळ सांगतात. पूल बुडालाय हे नकाशाला ठाऊक हवं. (खरं तर रस्त्यावर साधा अडसर हवा.) उपग्रहच गप्प झाले, तर मोठी अडचण रस्त्याची नाही, वेळेची. कित्येक मोबाइल मनोरे आणि वीजजाळ्यातली मोजयंत्रं त्यांच्याच अणुघड्याळांवर आपली वेळ जुळवतात. रस्ते पाठ असून तिथे काय उपयोग?

‘आपलं नाविक आहे की, भारताची स्वतःची दिशादर्शक उपग्रहप्रणाली!’ असं कोणी म्हणेल. आहे, पण त्याच्या पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळं निकामी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला त्याचाच एनव्हीएस-०२ उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. शिवाय नाविकचे संकेतही आकाशातूनच येतात, इतर दिशादर्शक उपग्रहांइतकेच क्षीण, दाबायला तितकेच सोपे. दुसरी सोय जमिनीवरच हवी : ऑप्टिकल फायबरमधून वेळ पोहोचवण्याची.